खणखणीत वाजला तर घ्यायचा

शनिवारवाड्याला १८२८ मध्ये आग लागली. ती आठवडाभर धुमसत होती असे म्हणतात. खांब, तुळया, नक्षीची छते सगळे जळाले आणि उरली ती जोती, हौद आणि तट. आज तिकीट काढून आपण मुख्यतः जोतीच पाहून येतो. तटाकडे जरा निरखून पाहिले तर खाली काळ्या दगडाचे घडीव थर आणि वर विटा दिसतात. दगडी वाडा बांधायचा मान फक्त छत्रपतींचा, असे साताऱ्याहून कळवले गेले म्हणून वर विटा आल्या, ही कथा गाइड रंगवून सांगतो. असेलही तसे. पण पेठांतल्या साध्या वाड्यांना कोणाची आडकाठी नव्हती, तरी तिथेही जोते तेवढे दगडाचे आणि वर लाकूड, वीट, माती. कारण दगडातच असावे, असे मला वाटते. पुण्याचा दगड पायाखाली फुकट पडलेला असला, तरी घडवायला महागच पडतो.

सुमारे ६.६ कोटी वर्षांपूर्वी इथे जमिनीच्या भेगांतून लाव्हा वाहिला, थरावर थर थिजले. आज दख्खनचा हा बेसॉल्ट सुमारे ५ लाख चौरस किलोमीटरवर पसरलेला आहे. लाव्हा वर येऊन भराभर थंड झाल्यामुळे त्याचे कण डोळ्यांना दिसत नाहीत इतके बारीक राहिले. वालुकाश्मासारखे पदर नसल्याने तो सरळ चिरत नाही. घट्ट दगडाचे वजन घनमीटरला २.९ टनांच्या आसपास भरते. टाकी बोथट होते, पण दगड हटत नाही.

सगळाच दगड मात्र असा नसतो. लाव्ह्यातले वायूचे बुडबुडे जिथे अडकले, तिथे पोकळ्या राहिल्या आणि पुढे त्यांत पांढरी खनिजे भरली. असा दगड उन्हापावसात भुसभुशीत होतो. कातळ कुजतानाही कांद्यासारखे पापुद्रे सुटतात आणि शेवटी मुरूम होतो. पाथरवटाची पारख कानाने चालते. हातोडा मारायचा. खणखणीत वाजला तर दगड घट्ट, बद्द वाजला तर आत चीर आहे किंवा पोकळी. मग भोके ओळीने पाडून त्यांत लोखंडी पाचरा बसवायच्या आणि एकेकीवर आळीपाळीने घाव घालत जायचे. एकाच पाचरेवर जोर काढला, तर दगड भलतीकडेच फुटतो. सुटलेल्या तुकड्याच्या कडा मारून खांडकी तयार होते, उरलेला डबर भिंतीच्या पोटात जातो. वडार आणि पाथरवटांच्या कित्येक पिढ्यांची छाती या कामातल्या धुळीने भरली आहे.

हे सगळे सोसून ज्यांनी दगडच दगड वापरला, त्यांची कामे म्हणून वेगळी उठून दिसतात. जंगली महाराज रस्त्यावरचे पाताळेश्वर राष्ट्रकूटकाळातले, आठव्या शतकाचे. ते रचलेले नाही, कातळ कोरून काढलेले आहे. समोरचा गोल नंदीमंडपही कातळातलाच. सोमवार पेठेतल्या त्रिशुंड गणपतीचे काम १७५४ मध्ये सुरू झाले आणि १७७० मध्ये मूर्तीची स्थापना झाली. भीमगीरजी गोसावी यांनी ते बांधवले. दर्शनी भिंतीवर द्वारपाल, हत्ती आहेत आणि सैनिकांनी साखळदंडाने जखडलेला एक गेंडाही! या दगडात इतके बारीक काम करायला कारागिराकडे किती सबुरी असेल, हे त्या साखळीच्या कड्या पाहिल्यावर कळते. पुण्यात पाहुणा आला की लोक त्याला थेट शनिवारवाड्यावर नेतात. मी त्रिशुंडाला नेईन.

इंग्रजी अमदानीत सुरुंगाची दारू, सरकारी पैसा आणि मोठी कामे एकत्र आली. डेक्कन कॉलेजची येरवड्याची इमारत १८६०च्या दशकातली, याच करड्या दगडाची. १८७९ च्या सुमारास पुरे झालेले खडकवासला धरणही दगडी. १२ जुलै १९६१ रोजी पानशेतचा मातीचा बांध फुटला, तो लोंढा खडकवासल्यालाही पेलला नाही. शहरात पाणी शिरले तेव्हा नदीकाठच्या पेठांतल्या मातीच्या भिंती विरघळल्या.

आता पुणे पूर्वीपेक्षा कितीतरी जास्त बेसॉल्ट वापरते, पण तो दिसत नाही. क्रशर त्याची खडी करतो, ती ब्रासवर विकली जाते आणि काँक्रीटमध्ये गडप होते. नदीच्या वाळूवर निर्बंध आल्यापासून वाळूही दगड चुरडूनच होते. वाघोलीच्या खाणींनी हे शहर पोसले. तिथल्या मजुरांच्या मुलांसाठी ‘संतुलन’ या संस्थेने खाणीतच पाषाण शाळा भरवल्या, कारण मुले शाळेपर्यंत येत नव्हती.

याच वाघोलीने खनिजांच्या जगात नाव काढले आहे. सुरुंग उडाला की फुटलेल्या दगडाच्या पोकळ्यांत कधीकधी गडद निळ्या स्फटिकांचे गुच्छ सापडतात. ते कॅव्हॅनसाइट. त्यात कॅल्शियम आणि व्हॅनेडियम असते. हे खनिज पहिल्यांदा अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये मिळाले, पण संग्राहकांना हवे असतात ते नमुने वाघोलीचे. क्रशरवाल्याला मात्र पोकळ्यांचा दगड नकोच असतो. खडीला घट्टच लागतो.