राऊटर तर घेतला, पण चालवणार कशावर?

चौघा-पाचांनी कॉन्ट्रिब्युशन काढायचं, हिंगण्याच्या बाजूला एखादी टिनाची शेड भाड्याने घ्यायची, लकडगंजातून सागाच्या फळ्या उचलायच्या आणि मधोमध सीएनसी राऊटर मांडायचा. इथपर्यंत उत्साह दणकून असतो. आठवडाभर क्युबिकलमध्ये एक्सेल शीट भरणाऱ्या माणसाच्या अंगावर लाकडाचा भुसा उडाला की जाम बरं वाटतं, राजेहो! पहिलं भांडण होतं ते त्यानंतर. मशीन कुठल्या सॉफ्टवेअरवर चालवायचं?

आधी एक गोंधळ मिटवू. डिझाइन बनवणारं सॉफ्टवेअर वेगळं आणि मशीन हलवणारं वेगळं. पहिलं तुमच्या नक्षीवरून जी-कोड तयार करतं, म्हणजे 'इथून इथे जा, इतकं खोल कापा' अशा ओळी. दुसरं त्या ओळी वाचून मोटर फिरवतं. सुतारकामात ज्याचं नाव सतत ऐकू येतं ते आर्टकॅम पहिल्या प्रकारातलं. ऑटोडेस्कने ते २०१८ मध्ये बंद केलं आणि आता ते कार्व्हेको या नावाने पुढे चालू आहे. आपला आजचा विषय मात्र दुसरा प्रकार.

ग्रुपमधला सीनियर मेंबर हमखास मॅक-थ्रीचं नाव घेतो (ॲपलवाला मॅक नव्हे!). एका जमान्यात ते सगळीकडे होतं. पण कॉम्प्युटरच्या जुन्या पॅरलल पोर्टवरून चालवायचं तर ३२ बिटचं विंडोज लागतं आणि आता असा पीसी शोधत फिरावं लागतं. फुकटच्या डेमोत जी-कोडच्या फक्त ५०० ओळी चालतात. देवघराच्या दारावरची साधी वेलबुट्टी कोरायची तरी हजारो ओळी लागतात. मग कुणीतरी हळूच 'क्रॅक' काढतो. ऑफिसात लायसन्स ऑडिटला घाबरणाऱ्यांनी शेडमध्ये शेर होऊ नये, एवढंच म्हणते.

लिनक्स-सीएनसी हा खरा पहिलवान. अमेरिकेतल्या 'निस्ट' या सरकारी संस्थेच्या प्रोजेक्टमधून ते जन्मलं. एकदम फुकट, आणि जुन्या डेस्कटॉपवरही उत्तम चालतं. पण ते सेट करायला एक गुरू लागतो, आणि नागपुरात गुरूंचा प्रॉब्लेम तुम्हाला माहीत आहेच. आज आयटी पार्कात असलेल्या गुरूला उद्या पुण्याची ऑफर येते. तो हिंजवडीला गेला की सगळ्यांच्या पैशाचं मशीन चादरीखाली झोपतं. म्हणून माझ्या मते सामायिक वर्कशॉपमध्ये 'बेस्ट सॉफ्टवेअर कुठलं' हा प्रश्नच चुकीचा आहे. सगळ्यात कमी माहिती असलेला मेंबर एकटा असताना काय चालवू शकेल, हे विचारा.

छोट्या बजेटवाल्यांचा लाडका म्हणजे जीआरबीएल. नॉर्वेच्या सिमेन स्वाले स्कोग्सरूड यांनी २००९ मध्ये सुरू केलेला हा प्रोग्राम साध्या आर्डुइनोवर बसतो. लॅपटॉपवरून फाइल पाठवायला यूजीएस, कॅंडल किंवा ब्राउझरमध्ये चालणारं सीएनसी-जेएस, सगळं मोफत. मात्र फाइल ओळीओळीने यूएसबीतून जाते. लॅपटॉप मध्येच स्लीपला गेला किंवा स्पिंडलच्या ड्राइव्हच्या विजेच्या गडबडीने कनेक्शन तुटलं, तर मशीन जागीच थांबतं, पण बिट फिरतच राहतो. एकाच जागी घासणारा बिट लाकूड जाळतो, आणि खाली भुशाचा ढीग! म्हणून कुणीतरी शेजारी उभं राहायलाच हवं. चहा प्यायलाही जायचं नाही.

उरला हातात धरायचा डीएसपी कंट्रोलर, म्हणजे रिचऑटोसारखा जाडजूड रिमोट. फर्निचरवाल्यांच्या राऊटरवर लटकलेला पाहिला असेल. पेन ड्राइव्ह लावा, फाइल निवडा, रन दाबा. पीसी नको, अपडेट नको. मे महिन्यात पारा ४५ ला टेकला की टिनाखाली पीसी कसा राहील ते सांगायला नको. लाइट गेली तरी सोडलं तिथून पुढे सुरू करायची सोय यात असते. फक्त मशीनला लिमिट स्विच हवेत, म्हणजे लाइट आल्यावर त्याला आपली मूळ जागा पुन्हा सापडते. दिसायला अगदीच आउटडेटेड, पण मोठं मशीन आणि पाच-सात हात असतील तर माझं मत यालाच.

याच वळणाचा विचार आपल्या महाराष्ट्रात आधीच झालाय. पुण्याजवळच्या पाबळला डॉ. श्रीनाथ कलबाग यांनी १९८३ मध्ये विज्ञान आश्रम सुरू केला. तिथे २००२ मध्ये फॅब लॅब आली, अमेरिकेबाहेरच्या अगदी पहिल्या फॅब लॅबपैकी एक. फॅब लॅबचा फंडा असा की जगभर मशीन आणि सॉफ्टवेअर शक्यतो सारखंच ठेवायचं. एका लॅबमध्ये शिकलेला दुसरीकडे जाऊन कामाला लागतो, गुरूसाठी काही अडत नाही.

सॉफ्टवेअर कुठलंही घ्या, दोन गोष्टींवर तडजोड नको. इमर्जन्सी स्टॉपचं लाल बटण खरंखुरं हवं, थेट स्पिंडलची वीज तोडणारं. स्क्रीनवरच्या 'स्टॉप'वर हँग झालेल्या वेळी भरवसा ठेवता येत नाही. दुसरं म्हणजे आधीच्या माणसाने सेट केलेला शून्य बिंदू कंट्रोलर लक्षात ठेवतो. त्याची फळी १२ मिलिमीटरची होती, तुमची १८ ची, आणि तुम्ही थेट रन दाबलं, तर बिट लाकडात घुसून तुटतो. तुकडा कुठे उडेल सांगता येत नाही. त्यामुळे प्रत्येकाने आपला झीरो आपणच घ्यायचा, अगदी सख्खा मित्र आधी काम करून गेला असला तरी. आणि फाइल मिलिमीटरमध्ये आहे की इंचात, ते बघून. तिथे चुकलं तर फरक थेट २५.४ पटींचा!

डीलरकडे डेमोला जाताना ग्रुपमधल्या सगळ्यात 'ढ' मेंबरला सोबत न्या. स्पिंडल बंद, बिटऐवजी स्केचपेन, टेबलावर कागद. पेन ड्राइव्ह त्याच्या हातात द्या आणि बाकीच्यांनी तोंड बंद ठेवा. अर्ध्या तासात त्याने एक चौकोन काढला, तर पुढची बोलणी करायला हरकत नाही.