अब्दुल करीमखाँ यांच्या ध्वनिमुद्रिका
किराणा घराण्याचे विख्यात गायक अब्दुल करीमखाँ (१८७२–१९३७) यांच्या मिनिटाला सुमारे ७८ फेरे घेणाऱ्या लाखेच्या तबकड्या. खाँसाहेबांचे उत्तरायुष्यातील वास्तव्य मिरज (जि. सांगली) येथे होते, त्यांची कबरही तेथील मीरासाहेब दर्ग्याच्या परिसरात आहे.

त्यांचे पहिले ध्वनिमुद्रण विसाव्या शतकाच्या पहिल्या दशकात झाले. त्या काळी कर्ण्यासमोर खड्या आवाजात गावे लागे. १९२५ च्या सुमारास विद्युत् ध्वनिमुद्रण आल्यावर नाजूक स्वरही उमटू लागले. १९३० नंतरच्या ओडियन तबकड्यांत त्यांचा पातळ, टोकदार आवाज स्पष्ट ऐकू येतो. झिंझोटीतील ‘पिया बिन नाही आवत चैन’ ही ठुमरी त्यांपैकीच. तिच्या तबकडीमुळे बालवयातील भीमसेन जोशी गायनाकडे ओढले गेले, ही हकीकत सर्वश्रुत आहे.

तबकडीच्या एका बाजूवर जेमतेम तीन-साडेतीन मिनिटांचे गायन मावे. विलंबित आलापी हा किराणा गायकीचा प्राण. तिला येथे वाव नव्हता. त्यामुळे या मुद्रिकांवरून त्यांच्या मैफलीचे मोजमाप करणे अन्यायाचे ठरते.

पुढे हे गायन दीर्घवादन तबकड्यांवर व ध्वनिफितींवर उतरविण्यात आले. जुन्या मुद्रिकांचा वेग नेमका ७८ असेलच असे नाही. तो न तपासता वाढीव वेगाने वाजविल्यास पट्टी चढते आणि मुळातच उंच असलेला हा आवाज अधिकच बारीक भासतो. साथीला पेटी असल्यास तिच्या ठरावीक सुरांवरून मूळ वेग ताडता येतो. केवळ सारंगी व तंबोरे असल्यास ही सोय उरत नाही, कारण ती वाद्ये गायकाच्या पट्टीत मिळविलेली असतात.