संगणक सुरू होत नाही : आधी कारण शोधू या

शिष्यवृत्तीचा अर्ज असो, जातीचा दाखला असो की परीक्षेचा फॉर्म, आज विद्यार्थ्याचे काम संगणकावाचून अडते. शेवटची तारीख उद्यावर आलेली असते आणि नेमका त्याच वेळी संगणक बटण दाबूनही सुरू होत नाही. कुणीतरी सांगतो, "मदरबोर्ड गेला." हजारो रुपयांचा खर्च डोळ्यांपुढे उभा राहतो. पुष्कळदा दोष मात्र एखाद्या सैल वायरीत असतो. म्हणून सभासद व विद्यार्थी यांच्यासाठी आम्ही ही माहिती देत आहोत.

केवळ ऐकीव आहे म्हणून मानू नका, स्वतः पारखून घ्या, असा उपदेश तथागतांनी केसपुत्त येथील कालामांना केला. यंत्राच्या बाबतीतही हाच मार्ग योग्य आहे. वीज भिंतीपासून मदरबोर्डपर्यंत ज्या वाटेने जाते, त्याच वाटेने एकेक टप्पा तपासावा. एका वेळी एकच गोष्ट बदलावी. नाहीतर दोष कशात होता हे कळत नाही.

पहिला टप्पा भिंतीचा. सॉकेटमध्ये दुसरा दिवा लावून पाहावा. आपल्याकडे घरगुती विजेचा दाब २३० व्होल्ट असतो. दिवा मंद जळत असेल तर दाब कमी आहे असे समजून थांबावे. यूपीएस व एक्स्टेन्शन बोर्ड वगळून संगणक थेट सॉकेटला जोडून पाहावा. मॉनिटरची व संगणकाची पॉवर कॉर्ड बहुधा सारखीच असते. ती अदलाबदल केली की कॉर्डचा दोष लगेच कळतो.

दुसरा टप्पा एस.एम.पी.एस.चा. हा डबा २३० व्होल्टची वीज घेऊन १२, ५ व ३.३ व्होल्टची वीज देतो. त्याच्या मागे छोटा स्विच असतो. साफसफाई करताना तो चुकून बंद होतो. रेघेची बाजू दाबलेली म्हणजे चालू, वर्तुळाची म्हणजे बंद. कॉर्ड काढून पुढचे बटण अर्धा मिनिट दाबून धरावे व मग पुन्हा सुरू करून पाहावे. काही मदरबोर्डवर बारीक दिवा असतो. तो जळत असूनही काहीच हालत नसेल, तर समोरच्या बटणाचा संशय घ्यावा. रिसेट बटणाची पिन पॉवरच्या जागी लावून त्याची परीक्षा होते.

तिसरा टप्पा आतला. पंखा फिरतो पण पडदा काळाच राहतो, तेव्हा वीज पोहोचलेली असते. अशा वेळी मॉनिटरची केबल व रॅम पाहावी. कोकणच्या दमट हवेत रॅमच्या पट्टीवर मळ धरतो. पट्टी काढून तिची सोनेरी कड मऊ खोडरबराने हलकेच पुसावी व खटका बसेपर्यंत दाबावी. संगणक सुरू होऊन लगेच बंद पडत असेल, तर प्रोसेसरचा पंखा फिरतो का, ते पाहावे.

काही पथ्ये मात्र कटाक्षाने पाळावीत. कॅबिनेट उघडण्यापूर्वी कॉर्ड काढावी. एस.एम.पी.एस.चा डबा कधीही उघडू नये. प्लग काढल्यावरही आत धोकादायक वीज साठून राहते. जळका वास आला किंवा पाणी शिरले असेल, तर बटणाला हात लावू नये.

३ जून २०२० रोजी निसर्ग चक्रीवादळाने रायगड जिल्ह्याला झोडपले, तेव्हा अनेक गावे कित्येक दिवस अंधारात होती. वीज परत येताना तिचा दाब एकदम चढू शकतो. म्हणून पेण-रोह्यातील आपल्या बांधवांनी पावसाळ्यात वीज गेली की प्लग काढावा आणि ती आल्यावर थोडा वेळ थांबून लावावा.

एवढे करूनही संगणक सुरू झाला नाही, तर कारागिराकडे जावे. पण काय काय तपासले ते कागदावर लिहून न्यावे. जाणत्या ग्राहकाला नको तो खर्च कुणी सहजासहजी सांगत नाही. वीजपुरवठा बिघडला म्हणजे आपले लिखाण गेले असे नव्हे. ते हार्डडिस्कमध्ये असते व ती शाबूत असेल तर दुसऱ्या संगणकाला जोडून काढता येते.

ज्या विहारात अभ्यासिका व संगणक आहे, तेथील मुलामुलींनी एखाद्या रविवारी जाणकाराच्या देखरेखीखाली हे सारे प्रत्यक्ष करून पाहावे. आपल्याच मुलांच्या हाती ही विद्या आली, तर बंद संगणकापायी समाजातील एकाही विद्यार्थ्याचा अर्ज राहणार नाही.

जयभीम!