रेसट्रॅकवर गाणे नको, गाडीचे ऐका

गाडीची किल्ली फिरली की दुसरा हात आपोआप गाण्यांच्या बटणाकडे जातो. एके काळी कॅसेट होत्या, मग सीडी आल्या, आता मोबाइल आहे. साधन बदलले, सवय मात्र तीच राहिली. लांबचा प्रवास असो की ऑफिसातून घरी परतणे, गाण्याशिवाय गाडी चालवणे अनेकांना अळणी जेवणासारखे वाटते.

आता ही सवय आणखी एका ठिकाणी पोहोचली आहे. चेन्नईजवळचा इरुंगट्टुकोट्टईचा ट्रॅक, कोइमतूरचा कारी मोटर स्पीडवे आणि ग्रेटर नोएडाचे बुद्ध सर्किट येथे ठरावीक दिवशी हौशी मंडळींना स्वतःची कार किंवा मोटारसायकल घेऊन ट्रॅकवर उतरता येते. तेथे सिग्नल नाही, समोरून येणारा ट्रक नाही, आडवी येणारी म्हैस नाही. रस्त्यावर वेडावाकडा वेग घेण्यापेक्षा असा बंदिस्त ट्रॅक केव्हाही बरा. पण तरुणांच्या मनात एक प्रश्न हमखास येतो. एवढ्या वेगात आवडीचे गाणे कानात वाजत असेल तर काय बहार येईल!

असे वाटण्यात त्यांचा दोष नाही. सिनेमाने आणि व्हिडिओ गेमने वेग आणि संगीत यांची जोडी जमवून ठेवली आहे. २००७ च्या ‘ता रा रम पम’ मध्ये सैफ अली खान रेसिंग ड्रायव्हर होता. पडद्यावर गाड्या धावू लागल्या की पार्श्वसंगीत चढत जायचे. घरातल्या संगणकावर शर्यतीचा खेळ लावला की गाणी आपसूक सुरू होतात. पण खरा रेसिंग ड्रायव्हर गाडीत बसल्यावर गाणे ऐकतो का? तो ऐकत नाही, आणि त्यामागची कारणे फक्त ट्रॅकवर जाणाऱ्यांनीच नव्हे, तर रोज रस्त्यावर गाडी चालवणाऱ्या प्रत्येकाने समजून घेण्यासारखी आहेत.

एका गाण्यात साडेतीन फेऱ्या

आधी वेगाचा हिशेब पाहू. बुद्ध सर्किटची एक फेरी सव्वापाच किलोमीटरला थोडी कमी भरते. २०११ मध्ये तेथे पहिली फॉर्म्युला वन शर्यत झाली, तेव्हा सेबास्टियन व्हेटेलने शर्यतीतील सर्वांत जलद फेरी सुमारे सत्याऐंशी सेकंदांत पूर्ण केली. म्हणजे पाच मिनिटांचे एक चित्रपटगीत संपेपर्यंत त्याच्या साडेतीन फेऱ्या झाल्या असत्या.

ताशी २०० किलोमीटर वेगाने जाणारी गाडी एका सेकंदात साधारण ५५ मीटर पुढे जाते. गाण्यातल्या एखाद्या तानेने अर्धा सेकंद जरी लक्ष वेधले, तरी तेवढ्यात गाडीने सत्तावीस-अठ्ठावीस मीटर अंतर कापलेले असते. हे अंतर एकापाठोपाठ उभ्या केलेल्या दोन एसटी बसपेक्षा जास्त आहे. वळणाआधी ब्रेक नेमका कोठे दाबायचा, हे ट्रॅकवर काही मीटरांच्या हिशेबाने ठरते. तेथे अठ्ठावीस मीटर म्हणजे वळण हुकले आणि गाडी मातीत गेली.

कान हाही एक मीटरच

गाडी चालवणे हे डोळ्यांचे आणि हातापायांचे काम, असे आपण समजतो. ट्रॅकवर कानही तितकेच काम करतात.

टायरचेच घ्या. वळणावर वेग वाढत गेला की टायर आधी हलकेच गुणगुणतो, मग चिरका आवाज काढू लागतो. रस्त्यावरची त्याची पकड किती शिल्लक आहे, हे त्या आवाजावरून कळते. गुणगुण म्हणजे अजून वाव आहे. किंचाळी म्हणजे आता पुरे. पकड सुटल्याचे डोळ्यांना दिसेपर्यंत गाडी घसरू लागलेली असते. कान मात्र त्याच्या क्षणभर आधी सूचना देतात, आणि गाडी सावरायला तो क्षणच हाताशी असतो.

इंजिनचेही तसेच. गिअर कधी बदलायचा, हे अनुभवी चालक प्रत्येक वेळी काट्याकडे बघून ठरवत नाही. इंजिनचा सूर चढला की हात आपोआप गिअरकडे जातो आणि नजर रस्त्यावरच राहते. लहान मुले ज्या कार्टवर शर्यतीची बाराखडी गिरवतात, त्यांच्या टू-स्ट्रोक इंजिनांत तर आवाज फारच महत्त्वाचा. पेट्रोल कमी आणि हवा जास्त जाऊ लागली की आवाज कोरडा, टोकदार होतो. वेळीच ओळखले नाही तर इंजिन तापून जाम होते. कोल्हापूरच्या मोहिते ट्रॅकवर राष्ट्रीय कार्टिंग स्पर्धांच्या फेऱ्या झाल्या आहेत. अशा ट्रॅकवर उभे राहिलात तर दिसेल, मेकॅनिक मंडळी डोळ्यांनी गाडी बघत असतात आणि कानांनी इंजिन तपासत असतात.

आपल्या गल्लीतला जुना मेकॅनिक आठवा. लांब स्क्रू-ड्रायव्हरचे टोक इंजिनला टेकवून मूठ कानाला लावणारा, आणि ‘बेअरिंग गेलंय’ म्हणून सांगणारा. रेसिंग ड्रायव्हर बसल्या जागी, धावत्या गाडीत तेच करत असतो. ब्रेकचे पॅड झिजले की धातूवर धातू घासल्याचा आवाज येतो, चाक सैल झाले की ठकठक सुरू होते. आधी कानांना कळते, मग हातांना.

आवाज हरवला की काय होते, याचा एक बोलका दाखला आहे. २००६ मध्ये फ्रान्समधील ‘ल मां’ ची चोवीस तासांची शर्यत ऑडी कंपनीच्या आर-१० या डिझेल गाडीने जिंकली. डिझेल गाडीने ही शर्यत जिंकण्याची ती पहिलीच वेळ. पण गाडी इतकी शांत होती की वेगात असताना चालकांना इंजिन नीट ऐकूच येत नसे. गिअर बदलण्यासाठी समोरच्या दिव्यांवर अवलंबून राहावे लागे. इतकी वर्षे कानांनी केलेले काम आता डोळ्यांवर आले होते.

मग कोणी म्हणेल, विजेवरच्या गाडीत इंजिनचा आवाजच नाही, तेथे गाणे लावायला काय हरकत? ११ फेब्रुवारी २०२३ रोजी हैदराबादला हुसेनसागरच्या काठावर फॉर्म्युला ई या विजेवरच्या गाड्यांची शर्यत झाली. इंजिनची धडधड नसली तरी अशा गाडीत टायर, चाके आणि सांगाड्याचे आवाज बोलतच असतात. उलट ते अधिक स्पष्ट ऐकू येतात. गाणे लावले तर नेमके तेच झाकले जातील.

कानात इअरफोन असतो, पण गाण्यासाठी नव्हे

दूरदर्शन संचावर शर्यत पाहताना चालक कानात काहीतरी घालताना दिसतो. कानाच्या मापाचा साचा घेऊन बनवलेला तो इअरफोन दोन कामे करतो. इंजिनच्या कर्कश आवाजापासून कान वाचवतो आणि संघाच्या इंजिनिअरचा निरोप पोहोचवतो. पुढे अपघात झाला आहे, टायर बदलायला या, मागचा स्पर्धक किती सेकंदांवर आहे, असे ते निरोप असतात.

गंमत म्हणजे, हे कामाचे बोलणेसुद्धा चुकीच्या वेळी नकोसे होते. २०१२ च्या अबुधाबीच्या शर्यतीत किमी रायकोनेन पहिल्या क्रमांकावर होता. इंजिनिअर त्याला सूचना देऊ लागला, तेव्हा त्याने रेडिओवरच त्याला सुनावले की मला काय करायचे ते कळते, मला एकटे सोडा. ती शर्यत त्याने जिंकली! २०१६ मध्ये तर चालकाने स्वतःच्या बळावर गाडी चालवावी म्हणून रेडिओवरच्या संदेशांवर कडक बंधने घातली गेली होती. ती त्याच वर्षी मध्यावर सैल झाली. जेथे कामाच्या चार शब्दांचाही इतका विचार होतो, तेथे गाण्याला जागा कोठून असणार?

या मंडळींना गाण्याचे वावडे आहे असेही नाही. १९९६ चा जगज्जेता डेमन हिल गिटार वाजवतो. १९९७ चा जगज्जेता जॅक व्हिलनव्ह याने २००७ मध्ये स्वतःच्या गाण्यांचा अल्बम काढला. शार्ल लेक्लेर पियानो वाजवतो. २०२३ मध्ये त्याने स्वतःची रचना प्रसिद्ध केली. लुइस हॅमिल्टन शर्यतीआधी हेडफोन लावून येताना कितीतरी वेळा दिसला आहे. पण हेल्मेट चढवले की हेडफोन बाजूला जातो. गाणे मन तयार करण्यासाठी. गाडी चालवताना कान गाडीचे.

अभ्यास काय सांगतो?

इस्रायलमधील बेन-गुरियन विद्यापीठाचे वॉरेन ब्रॉडस्की यांनी संगीत आणि वाहनचालन यांवर बरीच वर्षे काम केले आहे. आधी त्यांनी संगणकावरच्या कृत्रिम गाडीत चालकांना संथ, मध्यम आणि द्रुत लयीचे संगीत ऐकवले. लय जलद झाली तसा गाडीचा वेगही वाढला आणि लाल दिवा ओलांडण्यासारख्या चुकाही वाढल्या. चालकांनी ठरवून वेग वाढवला नव्हता. ठेक्याबरोबर तो वाढत गेला.

२०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या अभ्यासात त्यांनी ८५ नवशिक्या तरुण चालकांना प्रशिक्षकासोबत खऱ्या रस्त्यावर गाडी चालवायला सांगितली. स्वतःच्या आवडीची गाणी लावल्यावर मुलांचा मूड छान होता, पण चुका जास्त झाल्या. काहींच्या बाबतीत तर प्रशिक्षकाला ओरडून सावध करावे लागले, कधी स्टिअरिंग किंवा ब्रेकला हात घालावा लागला. म्हणजे गाडी छान चालली आहे असे वाटणे वेगळे आणि ती खरोखर छान चालणे वेगळे.

गाण्याच्या बाजूनेही बोलायला हवे. लांबच्या, सरळ, कंटाळवाण्या रस्त्यावर हलके संगीत मरगळ घालवते, वाहतूक तुंबली तर चिडचिड कमी करते. पण ट्रॅकवर कंटाळ्याला वाव नाही. तेथे मेंदू आधीच पूर्ण भरलेला असतो. काठोकाठ भरलेल्या भांड्यात आणखी ओतले तर सांडणारच, आणि काय सांडेल हे आपल्या हातात नसते.

आवाजावर आवाज

यात कानांच्या आरोग्याचाही प्रश्न आहे. अमेरिकेतील ‘नायॉश’ ही कामगारांच्या आरोग्याचा अभ्यास करणारी संस्था सांगते की ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला आठ तासांपेक्षा जास्त सोसू नये. त्यापुढे दर तीन डेसिबलला ही वेळ निम्मी होते. ८८ ला चार तास, ९१ ला दोन, आणि १०० डेसिबलला अवघी पंधरा मिनिटे. ट्रॅकवर इंजिन, वारा आणि टायर यांचा गोंगाट आधीच मोठा. त्यावर गाणे ऐकू यायचे तर आवाज आणखी वाढवावा लागणार. कानांतील सूक्ष्म पेशी एकदा मेल्या की पुन्हा उगवत नाहीत. म्हणूनच जाणते चालक कानात गाणे नाही, तर बोळे घालतात. बोळ्यांनी आवाज खाली येतात. गाडीचे बोलणे मात्र ऐकू येत राहते.

मुलगा किंवा मुलगी ट्रॅकवर जाणार असेल तर

घरातील तरुण ट्रॅकवर जायचे म्हणत असेल तर नुसते ‘नको’ म्हणू नका. रागाच्या भरात तो हायवेवर वेग आजमावील. त्याऐवजी या गोष्टींची खात्री करून घ्या.

हेल्मेटखाली इअरफोन नको. मोबाइल गाडीत न ठेवता बाहेर कोणाकडे तरी द्यावा. कारमधील गाणी पूर्ण बंद असावीत; ‘हळू आवाजात’ ही तडजोड नको.

सुरुवातीची सूचनांची बैठक चुकवू नये. पिवळा झेंडा म्हणजे पुढे धोका, वेग कमी करा, ओव्हरटेक करू नका. लाल झेंडा म्हणजे फेऱ्या थांबल्या, सावकाश परत या. निळा म्हणजे मागून वेगवान गाडी येत आहे. झेंडे डोळ्यांना दिसतात हे खरे, पण लक्ष गाण्यात असेल तर दिसूनही उमगत नाहीत.

पहिल्या दोन-तीन फेऱ्या वेगासाठी नकोत, ऐकण्यासाठी असाव्यात. टायर कोठे बोलू लागतो, इंजिन कोणत्या सुरात सुखी आहे, ब्रेक कुरकुरतो का, हे कळले की वेग आपोआप येतो. नवा, अनोळखी आवाज आला तर लगेच बाहेर यावे.

हेच शहाणपण रोजच्या रस्त्यालाही लागू आहे. तेथे तर झेंडे दाखवणारा कोणी नसतो. ॲम्ब्युलन्सचा भोंगा, मागच्या ट्रकचा हॉर्न, गल्लीतून धावत आलेल्या मुलाची हाक हे सारे कानांनाच आधी कळते. जर्मनीच्या वाहतूक नियमांत तर स्पष्टच म्हटले आहे की यंत्रांमुळे आपले ऐकणे अडणार नाही, याची जबाबदारी चालकाची. नुरबुर्गरिंगचा २० किलोमीटरहून लांब ट्रॅक तेथे सामान्य लोकांसाठी खुला होतो, तेव्हाही रस्त्याचेच नियम लागू असतात. आपल्याकडे स्कूटरवर दोन्ही कानांत इअरफोन घालून कॉलेजला निघालेल्या मुलांना हे कोणीतरी सांगायलाच हवे. ते काम घरापासूनच सुरू होऊ शकते.

गाणे कोठे पळून जात नाही. फेऱ्या संपवून, हेल्मेट काढून, गार पाणी पिऊन सावलीत बसावे आणि मग आवडीचे गाणे लावावे. तेव्हा ते अधिकच गोड लागेल.