गाणं पोहोचतं, नाव कुठे अडतं?

भंडारदऱ्याला लोक येतात ते आर्थर लेकसाठी, रंधा धबधब्यासाठी आणि पावसाच्या तोंडावर काजव्यांसाठी. हातात मोबाइल असतोच. समजा, जवळच्या एखाद्या वाडीवर एक बाई लग्नातलं जुनं गाणं म्हणतेय. पाहुण्याने ते रेकॉर्ड केलं, घरी जाऊन खाली बीट टाकला आणि ऑनलाइन सोडलं. गाणं आता जगात कुठेही ऐकता येतं, पण म्हणणारीचं नाव कुठेच नाही. यात दरवेळी कुणाचा वाईट हेतू असतो असं नाही. साखळीच तशी आहे. आज ती साखळी उलगडून बघू, कारण तिच्यात संशोधनाचे चांगले प्रश्न दडलेत.

१. गाणं वर जातं कसं?

यूट्यूब, साउंडक्लाउड किंवा बँडकॅम्पवर कलाकार स्वतः खातं उघडून गाणं टाकू शकतो. स्पॉटिफायसारख्या ठिकाणी मात्र सहसा मध्ये डिस्ट्रिब्युटर लागतो. तो वर्षाची फी घेतो किंवा उत्पन्नातला टक्का, आणि एकच फाइल अनेक सेवांवर पोचवतो. फाइलबरोबर एक फॉर्म भरावा लागतो: गाण्याचं नाव, मुख्य कलाकार, गीतकार, संगीतकार, भाषा, प्रकार. हाच तो मेटाडेटा. शिवाय रेकॉर्डिंगला १२ अक्षर-अंकांचा आयएसआरसी क्रमांक मिळतो.

इथे एक गोष्ट नीट लक्षात घ्या. आयएसआरसी हा रेकॉर्डिंगचा क्रमांक आहे, गाण्याचा नाही. एकच गाणं दोघींनी वेगवेगळं रेकॉर्ड केलं तर क्रमांक दोन. त्यामुळे ‘हे गाणं किती वेळा ऐकलं गेलं’ आणि ‘हे रेकॉर्डिंग किती वेळा ऐकलं गेलं’ हे दोन वेगळे प्रश्न आहेत. डेटा गोळा करायच्या आधी यातला आपला कोणता, ते ठरवा.

२. पैसा वाटला कसा जातो?

बऱ्याच सेवा सगळ्यांची वर्गणी एका हंड्यात टाकतात आणि एकूण ऐकण्याच्या प्रमाणात वाटतात. लहान उदाहरण घेऊ. दोन श्रोते आहेत, वाटपासाठी प्रत्येकाचे १०० रुपये. पहिल्याने सिनेगीत ९० वेळा ऐकलं, दुसऱ्याने फक्त अकोल्याकडचं लोकगीत १० वेळा. हंड्यात २०० रुपये, एकूण ऐकणं १००, म्हणजे एका वेळेला २ रुपये. लोकगीताला मिळाले २०. दुसऱ्या श्रोत्याने सिनेगीत एकदाही ऐकलं नाही, तरी त्याचे ८० रुपये तिकडे गेले.

दुसरी पद्धत श्रोत्यानुसार वाटपाची. साउंडक्लाउडने २०२१ मध्ये ती स्वतंत्र कलाकारांसाठी आणली. तिच्यात लोकगीताला पूर्ण १०० मिळतात. स्पॉटिफायने तर २०२४ पासून अट घातली की आधीच्या १२ महिन्यांत किमान १,००० वेळा ऐकलं गेलं नाही, तर त्या रेकॉर्डिंगला हंड्यातला वाटा नाही. हे आकडे बदलून बघायला एक स्प्रेडशीट पुरते. श्रोते वाढवा, ऐकणं विषम करा आणि कुणाचा वाटा कसा सरकतो ते पाहा.

३. नाव नेमकं कुठे गळतं?

माझ्या मते, फॉर्ममध्ये. गीतकाराच्या जागी ‘पारंपरिक’ लिहिलं जातं आणि ते बरोबरही असतं, कारण मूळ रचनाकार माहीत नसतो. पण रचणारा आणि म्हणणारा हे दोन वेगळे. भारतीय कॉपीराइट कायद्यात गायक-वादकांना ‘परफॉर्मर’ म्हणून स्वतंत्र हक्क आहेत. सादरीकरणानंतर त्यांची मुदत ५० वर्षं धरली जाते. २०१२ च्या दुरुस्तीने आपली सादरकर्ता म्हणून ओळख सांगण्याचा हक्कही दिला. म्हणजे गाणं पारंपरिक असलं तरी आवाज कुणाचा तरी असतोच. ‘पारंपरिक’ या एका शब्दाखाली दोन्ही गोष्टी झाकल्या जातात.

याच्या उलट उदाहरणंही आहेत. मुंबईच्या ‘स्वदेशी’ या हिपहॉप गटाने प्रकाश भोईर यांच्यासोबत ‘द वारली रिव्होल्ट’ केलं, तेव्हा भोईरांचं नाव श्रेयात आलं. आणि जात्यावरच्या ओव्यांचा प्रकल्प बघाच. हेमा राईरकर आणि गी पॉइटवां यांनी १९८० च्या दशकात सुरू केलेल्या या कामात लाखाहून जास्त ओव्या जमल्या. ‘पारी’ हे संकेतस्थळ २०१७ पासून त्या प्रसिद्ध करतंय. तिथे ओवीबरोबर गाणारीचं नाव, गाव, तालुका, जिल्हा असं सगळं दिलेलं दिसतं. ओवी पारंपरिकच आहे, तरी बाई निनावी नाही. फरक तंत्रज्ञानाचा नाही, रकान्यांचा आहे. एका फॉर्ममध्ये गावाचा रकाना आहे, दुसऱ्यात नाही.

४. मग संशोधनाचा प्रश्न काय?

‘ऑनलाइन संगीताचा लोककलेवर परिणाम’ हा विषय झाला, प्रश्न नव्हे. प्रश्न असा हवा: ‘पारंपरिक’ असं श्रेय दिलेल्या ५० मराठी रेकॉर्डिंगपैकी किती ठिकाणी मूळ गाणाऱ्याचं नाव मिळतं, आणि किती ठिकाणी फक्त अपलोड करणाऱ्याचं? हा मोजता येतो, महिन्याभरात होतो. रेकॉर्डिंग कशी निवडली ते मात्र आधीच लिहून ठेवा, नाहीतर सर्चमध्ये वर दिसतील तीच घ्याल.

दोन मर्यादाही मांडाव्या लागतील. एक, जे अपलोडच झालं नाही ते तुमच्या डेटात नसणार. बोहाड्यातलं किंवा कांबड नाचातलं गाणं ऑनलाइन सापडलं नाही, म्हणून ते गायलं जात नाही असा निष्कर्ष काढता येत नाही. दोन, नाव नसणं म्हणजे नाव चोरलं असं नाही. कदाचित गाणारीलाच नाव नको असेल. हे स्क्रीनवरून कळत नाही, वाडीवर जाऊन विचारावं लागतं.

आणि विचारायला जाल तेव्हा संमती रेकॉर्डिंगच्या आधी घ्या: रेकॉर्ड करू का, कुठे टाकू, नाव लावू का, कोणतं लावू, पैसे आले तर कुणाला द्यायचे. ही पाच उत्तरं वहीत आली की तुमचा मेटाडेटा डिस्ट्रिब्युटरच्या फॉर्मपेक्षा चांगला झाला म्हणून समजा.