पुरे, छत्रपती संभाजीनगरचे
छत्रपती संभाजीनगर (पूर्वीचे औरंगाबाद) या शहराच्या तटाबाहेर मोगल काळात वसलेली लहान उपनगरे. बेगमपुरा, जयसिंगपुरा, पहाडसिंगपुरा, कर्णपुरा, पदमपुरा, जसवंतपुरा ही त्यांपैकी प्रमुख होत. परंपरेने त्यांची संख्या बावन्न सांगितली जाते. पुण्यात जे स्थान पेठेला, तेच येथे पुऱ्याला आहे. मात्र पेठ ही मुख्यतः व्यापारी वस्ती, तर पुरा हा मूळचा एखाद्या सरदाराचा किंवा राजघराण्यातील व्यक्तीचा तळ होय. धनिकांची वस्ती शहरालगत, परंतु शहराबाहेर का वाढते, ती कशावर जगते आणि तिचा आधार सुटल्यावर तिचे काय होते, हे समजण्यास हे पुरे उपयुक्त आहेत.

भूवर्णन : शहर १९° ५३' उ. अक्षांश व ७५° २०' पू. रेखांशावर, समुद्रसपाटीपासून सु. ५६८ मी. उंचीवर वसलेले आहे. उत्तरेकडील डोंगररांग व दक्षिणेकडील साताऱ्याचे डोंगर यांमधील हा रुंद खोलगट प्रदेश आहे. भूमी दख्खन ट्रॅपच्या बेसाल्ट खडकाची असून त्यावर मुरूम व काळ्या मातीचा कमीअधिक जाडीचा थर आढळतो. वार्षिक पाऊस सरासरीने सु. ७० सेंमी. असून त्यातील बहुतेक जून ते सप्टेंबर या काळात पडतो. उत्तरेच्या डोंगरातून येणारी खाम नदी जुन्या शहराच्या पश्चिम कडेने वाहत जाऊन पुढे गोदावरीस मिळते. जुने तटबंद शहर नदीच्या पूर्व तीरावर, तर बहुतेक महत्त्वाचे पुरे पश्चिमेस व वायव्येस आहेत. शहर आणि पुरे यांना जोडणारे पूल महमूद, मकाई व बारापुल्ला या दरवाजांपाशी असून, पुऱ्यांची रचना कळण्यास हे तीन दरवाजे ध्यानात ठेवणे सोयीचे ठरते.

बेगमपुरा व पहाडसिंगपुरा हे डोंगराच्या पायथ्याकडे आहेत. त्यांच्या पाठीमागील टेकड्यांत औरंगाबाद लेणी या नावाने प्रसिद्ध असलेली बौद्ध लेणी खोदलेली आहेत. जयसिंगपुरा मकाई दरवाजाबाहेर, तर कर्णपुरा व पदमपुरा नैर्ऋत्येस छावणी आणि रेल्वेस्थानक यांच्या दिशेस येतात. डोंगर व नदी यांमधील उताराची, निचरा चांगला होणारी जमीन हवेल्या व बागांना अनुकूल होती. त्याहून महत्त्वाचे म्हणजे डोंगरपायथ्याशी जमिनीखाली झिरपणारे पाणी शहराआधी या वस्त्यांना मिळू शकत होते.

पाणीपुरवठा : मलिक अंबरने १६१० मध्ये खडकी या गावाच्या जागी आपले ठाणे वसविले आणि त्यासाठी जमिनीखालून नहर आणली. डोंगरपायथ्याचे झिरपे विहिरींत व भूमिगत मार्गांत गोळा करून ते केवळ उताराच्या साहाय्याने शहरापर्यंत न्यावयाचे, हे या योजनेचे तत्त्व होते. वाटेत ठिकठिकाणी हवा खेळती राहण्यासाठी व दाबाचे नियमन होण्यासाठी विटांचे उंच मनोरे बांधलेले असत. पुढील काळात याच पद्धतीने आणखी नहरी काढण्यात आल्या. बेगमपुऱ्यातील थत्ते हौद हा अशाच एका नहरीचा शेवटचा टप्पा होय. खाम नदीकाठी बाबा शाह मुसाफिर यांच्या दर्ग्याच्या आवारातील पाणचक्की ही नहरीच्या पाण्यावर चाले. डोंगरातून आलेले पाणी उंचावरून पाडून चक्कीचे दगड फिरविले जात व तेथे यात्रेकरू, गोरगरीब व फौजेसाठी धान्य दळले जाई. पाणी वर चढविण्यास कोणतीही शक्ती लागत नसल्यामुळे हा पुरवठा स्वस्त व भरवशाचा होता. तथापि झरे, विहिरी व नळ यांची वेळोवेळी सफाई करणारी व्यवस्था असेतोवरच तो टिकणारा होता.

इतिहास : मलिक अंबरच्या मृत्यूनंतर (१६२६) त्याचा मुलगा फत्तेखान याच्या नावावरून खडकीस फत्तेनगर म्हणू लागले. शाहजादा औरंगजेब दख्खनचा दुसऱ्यांदा सुभेदार झाल्यावर (१६५२–५७) त्याने येथे आपले ठाणे केले आणि १६५३ मध्ये गावास औरंगाबाद हे नाव दिले. सुभ्याच्या या राजधानीत मोठमोठ्या मनसबदारांना वर्षानुवर्षे राहावे लागे. मनसबदाराबरोबर त्याचे स्वार, घोडे, उंट, मोदी, शिकलगार, लोहार, पुरोहित व नोकरचाकर असा मोठा परिवार असे. इतका गोतावळा दाट वस्तीच्या शहरात मावणे शक्य नव्हते. त्यामुळे शहराबाहेर मोकळी जागा घेऊन मध्यभागी वाडा, भोवती बाग, तबेले, देऊळ किंवा मशीद आणि एक छोटा बाजार अशी स्वयंपूर्ण वस्ती उभारण्याची प्रथा पडली. वस्तीस संस्थापकाचे नाव मिळे.

जयसिंगपुरा अंबरच्या मिर्झा राजा जयसिंगाच्या (मृ. १६६७) नावाचा आहे. याच घराण्याचे जयसिंगपुरे दिल्ली व आग्रा येथेही होते. दिल्लीतील जयसिंगपुऱ्याची जमीन विसाव्या शतकात नव्या राजधानीच्या उभारणीत गेली. आग्र्यास जाताना १६६६ मध्ये छत्रपती शिवाजी महाराज औरंगाबादेस आले, तेव्हा मोगल अधिकारी सामोरा आला नाही म्हणून ते त्याची दखल न घेता मिर्झा राजाच्या वाड्यातील मुक्कामी थेट गेले, असा वृत्तांत मिळतो. जसवंतपुरा हे नाव जोधपूरच्या जसवंतसिंहावरून आले. पहाडसिंगपुरा बुंदेला सरदार पहाडसिंग याच्या नावावर असून त्याच्याशी निगडित सोनेरी महाल अद्याप उभा आहे. त्याच्या भिंतींवर सोनेरी रंगातील चित्रे होती म्हणून त्यास हे नाव पडले. सध्या तेथे राज्य शासनाचे वस्तुसंग्रहालय आहे.

कर्णपुरा बिकानेरचा राजा करणसिंह याने वसविला. औरंगजेबाची मर्जी फिरल्यानंतर तो दख्खनेतच राहिला व १६६९ मध्ये औरंगाबाद येथे मरण पावला. त्याचा मुलगा पदमसिंह याच्या नावावरून पदमपुरा आणि दुसरा मुलगा केसरीसिंह याच्या नावावरून केसरसिंगपुरा ओळखला जाऊ लागला. या तिन्ही पुऱ्यांवरील बिकानेर संस्थानाची मालकी पुढे सव्वादोनशे वर्षांहून अधिक काळ टिकली. छावणीच्या गरजेसाठी १९०४ मध्ये ब्रिटिश सरकारने हे पुरे घेतले आणि त्यांच्या मोबदल्यात संस्थानास तत्कालीन पंजाबातील हिस्सार जिल्ह्यातील दोन गावे व २५,००० रुपये दिले. राजस्थानातील श्रीगंगानगर जिल्ह्यात श्रीकरणपूर, पदमपूर व केसरीसिंहपूर या नावांची गावे आहेत. त्यामुळे दख्खनेतील या वस्त्यांच्या संस्थापकांची आठवण दोन दूरच्या प्रदेशांत एकाच वेळी राहिली आहे.

पुऱ्यांत सर्वांत वैभवशाली बेगमपुरा होय. औरंगजेबाची पत्नी दिलरसबानू बेगम १६५७ मध्ये मरण पावली. तिची कबर येथे असून ‘बीबी का मकबरा’ या नावाने विख्यात असलेली वास्तू तिचा मुलगा आझमशाह याच्या नावाशी जोडली जाते. वास्तूवरील लेखात अताउल्ला व हंसपतराय यांची नावे कोरलेली आहेत. तिच्यासाठी ६,६८,२०३ रुपये खर्च आल्याची नोंद आढळते. सुरतेहून गोवळकोंड्याकडे जाताना तीनशेच्या आसपास गाड्या संगमरवर घेऊन चाललेल्या आपण पाहिल्या, असे फ्रेंच रत्नव्यापारी ताव्हेर्न्ये याने लिहिले आहे. एवढ्या बांधकामाच्या निमित्ताने पाथरवट, गवंडी, माळी व कबरीची सेवा करणारे लोक येथे स्थायिक झाले आणि बेगमपुरा राजपुत्रांच्या तळांपेक्षा अधिक स्थिर वस्ती बनला.

फ्रेंच प्रवासी तेव्हेनो (भारतातील प्रवास १६६६-६७) याने हे शहर पाहिले, तेव्हा त्यास तट नव्हता. मराठ्यांच्या हल्ल्यांपासून बचाव म्हणून औरंगजेबाने १६८२ नंतर तट बांधवून घेतला. या तटामुळे शहर व पुरे यांत प्रथमच स्पष्ट भेद झाला. जी वस्ती आधी केवळ शहरालगत होती, ती आता शहराबाहेरची ठरली आणि तिला आपल्या संरक्षणाची चिंता वाहावी लागली.

लोकसंख्या : पुऱ्यांची लोकसंख्या दरबाराच्या चलनवलनाप्रमाणे कमीजास्त होत असे. सरदार मोहिमेवर गेला की पुऱ्याचा मोठा भाग रिता होई. राजपूत राजांचे मूळ वतन उत्तरेत असल्यामुळे संस्थापकाच्या मृत्यूनंतर त्याचे कुटुंब बहुधा परत जाई. मागे राहत ते कारागीर, पुजारी, पहारेकरी व शिपाई. १७०७ मध्ये औरंगजेबाच्या मृत्यूनंतर निजामुल्मुल्क असफजाहच्या काळात शहरास काही दशके राजधानीचे महत्त्व होते. परंतु निजामअलीने १७६३ मध्ये राजधानी हैदराबादला हलविताच उमराव, सावकार व कुशल कारागीर यांचा ओघ तिकडे वळला आणि पुऱ्यांतील हवेल्या ओस पडू लागल्या. १९०१ च्या जनगणनेत औरंगाबादची लोकसंख्या ३६,८३७ इतकीच होती. आधीच्या वर्षीच मनमाड–हैदराबाद मार्गावरील रेल्वे येथे पोहोचली होती. तरी वाढ मंदच राहिली.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात चित्र पालटले. नागरी समूहाची लोकसंख्या १९७१ मध्ये १,६५,२५३, तर १९८१ मध्ये ३,१६,४२१ झाली. केवळ महानगरपालिका क्षेत्राची लोकसंख्या १९९१ मध्ये ५,७३,२७२, २००१ मध्ये ८,७३,३११ व २०११ मध्ये ११,७५,११६ होती. औद्योगिक वसाहती, विद्यापीठ व उच्च न्यायालयाचे खंडपीठ (१९८१) ही या वाढीची प्रमुख कारणे होत. मराठवाडा विद्यापीठाची स्थापना १९५८ मध्ये झाली व बेगमपुरा–पहाडसिंगपुऱ्यालगतची डोंगरपायथ्याची जमीन त्यास मिळाली. शासकीय वैद्यकीय महाविद्यालय व ‘घाटी’ या नावाने परिचित असलेले त्याचे रुग्णालय जयसिंगपुऱ्याच्या शेजारी आले. त्यामुळे एकेकाळच्या सरदारी वस्त्या विद्यार्थी, कर्मचारी व छोटे दुकानदार यांच्या वस्त्या बनल्या. पुऱ्यांतील समाज आज संमिश्र आहे. मुसलमान, मराठी भाषक हिंदू व बौद्ध यांच्याबरोबरच ‘परदेशी’ म्हणून ओळखली जाणारी, उत्तर भारतीय मूळ असलेली कुटुंबेही येथे राहतात. मराठी, दख्खनी उर्दू व हिंदी या भाषा एकमेकींत मिसळून बोलल्या जातात. कर्णपुऱ्यातील देवीच्या मंदिराची स्थापना राजा करणसिंहाकडे जोडली जाते. तेथील नवरात्राची यात्रा शहरातील सर्वांत मोठ्या यात्रांपैकी आहे.

नवी उपनगरे : सुखवस्तू वर्गाने शहराबाहेर जाण्याची प्रवृत्ती थांबली नाही, केवळ तिची दिशा बदलली. रेल्वेस्थानक व जालना रस्ता यांच्या बाजूने नव्या वसाहती वाढल्या. शहर व औद्योगिक विकास महामंडळाने (सिडको) १९७२ पासून शहराच्या पूर्वेस नवे औरंगाबाद वसविण्यास आरंभ केला. ‘एन’ या अक्षरापुढे क्रमांक देऊन पाडलेल्या विभागांत निरनिराळ्या उत्पन्नगटांसाठी वेगवेगळ्या आकारांची घरे व भूखंड ठेवण्यात आले. कालांतराने त्यांतील एन-१, एन-३, एन-४ यांसारखे विभाग उद्योजक, वकील व डॉक्टर यांच्या निवासामुळे श्रीमंत समजले जाऊ लागले. सिडकोचा हा भाग २००६ मध्ये महानगरपालिकेकडे सोपविण्यात आला. जुन्या पुऱ्यात सरदार आणि त्याचा मोतद्दार एकाच वेशीच्या आत राहत; नव्या उपनगरात हे दोन वर्ग वेगवेगळ्या विभागांत विभागले गेले, हा दोहोंतील ठळक भेद होय.

पाण्याच्या बाबतीत तर परिस्थिती उलट झाली आहे. पूर्वी पाणी उंचावरून शहराकडे उतरत असे. आता ते पैठणजवळील जायकवाडी प्रकल्पाच्या नाथसागरातून, सु. ५० किमी. अंतरावरून व शहरापेक्षा सु. १०० मी. हून अधिक खोल पातळीवरून, पंपांनी चढवावे लागते. विजेचा खर्च व जलवाहिन्यांची मर्यादा यांमुळे अलीकडील दशकांत नळाचे पाणी काही दिवसांच्या अंतराने सोडण्याची वेळ वारंवार आली. ही उणीव भरून काढण्यासाठी २०२० मध्ये नव्या पाणीपुरवठा योजनेचे भूमिपूजन झाले. श्रीमंत वसाहतीही या टंचाईतून सुटल्या नाहीत. मात्र खोल कूपनलिका व टँकर घेण्याची त्यांची ऐपत अधिक असल्याने टंचाईचा भार सर्वांवर सारखा पडत नाही.

सद्यःस्थिती : शहराचे नाव २०२३ मध्ये अधिकृतपणे छत्रपती संभाजीनगर झाले. पुऱ्यांची नावे मात्र पूर्ववत प्रचारात आहेत. प्रशासकीय दृष्ट्या पुरा हा स्वतंत्र घटक राहिलेला नसून त्यांपैकी बहुतेक महानगरपालिकेच्या प्रभागांत सामावले आहेत. हवेल्या व बागा बहुतांशी नाहीशा झाल्या, तटाचा बराचसा भाग पडला आणि दरवाजांखालून आधुनिक वाहतूक चालू आहे. भूमिगत नहरींवर अनेक ठिकाणी बांधकामे झाली असून त्यांचे मनोरे मोडकळीस आले आहेत. बीबी का मकबरा व लेणी यांसारख्या मोठ्या स्मारकांना संरक्षण मिळाले. पण ज्या व्यवस्थेमुळे या वस्त्या जगल्या, ती जलव्यवस्था दृष्टीआड असल्याने दुर्लक्षित राहिली. सरदारांचे वैभव दरबाराबरोबर गेले. नहरींचे तसे नाही : ज्या डोंगरांनी व झऱ्यांनी त्यांना पाणी पुरविले, ते आजही जागेवर आहेत. त्यांचे पाणलोट क्षेत्र मोकळे ठेवणे व उरलेल्या नहरींची दुरुस्ती करणे यांचे महत्त्व म्हणूनच केवळ ऐतिहासिक नाही.