योगोपचार : देह आणि चित्त

शेवगावच्या शेजारी असलेल्या नेवासे येथे शके १२१२ मध्ये, म्हणजे इसवी सन १२९० मध्ये, ज्ञानेश्वरी सिद्ध झाली. तिच्या सहाव्या अध्यायात योगमार्गाचे विस्तृत वर्णन आहे. त्यात आसन व प्राण यांची चर्चा आहे. त्याचबरोबर आहार, विहार, कर्म, निद्रा आणि जागृती या सर्वांत प्रमाण राखण्याचा आग्रहही आहे. योगाकडे रोगावरील उपचार म्हणून पाहणाऱ्यांना आज या दुसऱ्या भागाचा बहुधा विसर पडतो. एका पक्षाला योग म्हणजे निव्वळ व्यायाम वाटतो. दुसरा पक्ष तो अध्यात्म आहे असे सांगून त्याला सर्व कसोट्यांच्या पलीकडे नेऊन ठेवतो. दोन्ही भूमिका एकांगी आहेत आणि त्या एकांगीपणाची किंमत अखेर रोग्यालाच मोजावी लागते.

या बाबतीत महाराष्ट्रातच एक वेगळी वाट पाडली गेली होती. जगन्नाथ गणेश गुणे ऊर्फ स्वामी कुवलयानंद यांनी १९२४ मध्ये लोणावळ्यास कैवल्यधाम स्थापन केले आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे नियतकालिक सुरू केले. गुरूकडून लाभलेली विद्या त्यांनी क्ष-किरण आणि दाबमापक यांच्यापुढे उभी केली. नौली करताना मोठ्या आतड्यातील दाब बाहेरील हवेच्या दाबापेक्षा कमी होतो, हे त्यांनी मोजून दाखविले. साधक असूनही त्यांना मोजमापाचे भय वाटले नाही. आणि जे मापात मावत नाही ते त्यांनी टाकूनही दिले नाही. डॉ. एस. एल. विनेकर यांच्यासह १९६३ मध्ये लिहिलेल्या योगोपचारावरील ग्रंथात त्यांनी स्नायू, मज्जासंस्था व ग्रंथी यांना लावावयाचे वळण आणि योग्य आहार यांच्याबरोबरच निकोप मनोवृत्तीची जोपासना हेही उपचाराचेच अंग मानले.

हा केवळ श्रद्धेचा आग्रह नव्हे. पतंजलींनी साधनेतील विघ्नांची जी गणना केली, तिच्यात पहिले नाव व्याधीचे आहे आणि त्याच यादीत आळस व संशयही आहेत. जुनाट रोगाने गांजलेल्या माणसाची अवस्था याहून निराळी ती काय असते? मधुमेह, रक्तदाब किंवा पाठदुखी यांवरील आसने चार दिवसांत शिकता येतात. ती चार वर्षे नित्य करणे, जिभेला आवर घालणे आणि चिंतेने झोप उडू न देणे हे कठीण. तेथे यम-नियमांची शिस्तच उपयोगी पडते. अध्यात्म हा शब्द ज्यांना जड वाटतो, त्यांनी त्याला आत्मसंयम म्हणावे.

परंतु अध्यात्माचे नाव घेऊन कसोटी टाळणे हेही तितकेच घातक होय. दीर्घकालीन कंबरदुखीत आरंभी जे औषधाविना उपाय करावेत, त्यांत अमेरिकेतील वैद्यांच्या एका प्रमुख संस्थेने २०१७ मध्ये योगाचा समावेश केला. तो परीक्षणांचा पुरावा पाहूनच. रक्तदाब व मधुमेह यांत योग साहाय्यक ठरतो, पण इन्सुलिनची जागा तो घेऊ शकत नाही. काचबिंदूच्या रोग्याने शीर्षासन करणे धोक्याचे असते. प्राणायाम सुरू केला म्हणून वैद्याला न विचारता गोळ्या सोडणारा रोगी योगाची प्रतिष्ठा वाढवीत नाही. तो आपला जीव मात्र संकटात लोटतो.

आणखी एक प्रश्न उरतो, तो अर्थशास्त्राचा. योगाला पैसा लागत नाही, असे वारंवार सांगितले जाते. पैसा लागत नसेल, पण वेळ लागतो, आणि वेळेलाही मोल असते. दिवसभर खुर्चीवर बसणाऱ्या कारकुनाला पहाटेचा अर्धा तास काढता येईल. पण शेवगाव-पाथर्डीच्या भागातून ऊसतोडीस जाणाऱ्या मजुराची पहाट फडात उगवते. त्याची पाठ दुखते ती श्रमाच्या अभावी नव्हे, अतिश्रमाने. मित आहार आणि मित निद्रा यांचा उपदेश त्याला करावयाचा तर आधी पुरेसे अन्न आणि पुरेशी झोप त्याच्या वाट्यास यावयास हवी. २०१५ पासून दर वर्षी २१ जूनला योगदिन साजरा होतो. त्या दिवशी मैदानावर किती लोक जमले, याची मोजदाद होते. ग्रामीण रुग्णालयात रोग्याचा रक्तदाब मोजून मग त्याला आसने शिकविणारा जाणता शिक्षक वर्षभर उपलब्ध आहे काय, याचीही मोजदाद झाली पाहिजे. देहाची तपासणी आणि चित्ताची शिस्त एकत्र नांदली तरच योग हा उपचार ठरेल.